पंचशीलाचे दोन आकडे

रिसोड, ३ फेब्रु. ७५
अकोल्याहून निवड समितीचं पत्र. खो-खोच्या मुलींची तोल-चाचणी दोनदा घ्यायची, मध्ये आठवडा सोडून. दोन्ही आकडे जुळले तरच नाव खेळाच्या वसतिगृहासाठी धरणार. एका दिवसाच्या आकड्यावर त्यांचा भरवसा नाही. पटलं.
शाळेमागे फक्कीच्या रेघा मारल्या. एका पायावर उभं राहून दुसरा पाय रेघेवर जमेल तितका लांब टेकवायचा, न पडता परत यायचं. पंचशीला सगळ्यांच्या पुढे. ८८ सें.मी. टेप मीच धरला. फार आनंद झाला.

५ फेब्रु.
शाळा सुटल्यावर पंचशीला खोलीवर. अभ्यास, माझ्यासोबत भाकरी, मग घरी. ती गेली की खोली खायला उठते. निवड झाली तर दोन वर्षं अकोल्याला. हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. इथे तीन वर्षं झाली, दुसरं बोलायला कोण आहे?

११ फेब्रु.
दुसरी चाचणी. बाकीच्या मुली एक-दोन सें.मी. इकडेतिकडे. पंचशीला ७९.
"बाई, मी तं तितकीच गेली होती."
जागा तीच, वेळ तीच, पाय अनवाणीच. म्हटलं, होतं असं कधी कधी. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. लिहून ठेवते.

१२ फेब्रु.
शाळेच्या शिपाईण कौसाबाई झाडता झाडता म्हणाल्या, "पोरीचा पाय पुढं टेकला व्हता, बाई. तुमी बोट अलीकडं ठेवलं. म्या पाह्यलं."
"तेव्हाच का नाही बोललात?"
"तुमी मोजून राह्यल्या, म्या काय बोलू."
मुद्दाम केलं? आठवून पाहते, आठवत नाही. की पहिल्याच दिवशी कौतुकात बोट पुढे सरकलं होतं? मुलींचा तोल तपासत होते. हात माझा होता.

१४ फेब्रु.
पंचशीलाला पुन्हा उभी केली. नियमात बसतं का, माहीत नाही. मोजायला कौसाबाई. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून सुतळी दिली. पाय टेकला तिथे त्यांनी गाठ मारली. मी लांब, पायरीवर बसून होते.
संध्याकाळी जेवताना पंचशीला, "बाई, किती भरलं?"
"उद्या सांगते."
ताट धुऊन गेली. आकडे भरून फॉर्म सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला जायचा आहे. सुतळी समोर, टेप शेजारी. अजून लावून पाहिलेली नाही.