ब्लॉक केलेल्या भावास

शुक्रवार, ७ मार्च

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. तुझ्या भाऊजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी आहे. सध्या ते डावा डोळा हाताने झाकून घरभर फिरतात आणि आपल्याला किती कमी दिसतं ते मला सांगतात. आत्ताच एवढं कौतुक चाललंय, पट्टी बांधल्यावर काय होईल कोण जाणे. दुकान बरं चाललंय. जोवर लोक घाईघाईने कपडे विकत घेतात आणि ते अंगाला बसत नाहीत, तोवर माझ्या मशीनला काम कमी पडायचं नाही.

ताईला कागदावर लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. सांगते. आधी मोबाइलचं सांगावं लागेल.

हल्ली गिऱ्हाइकं मेलवर मापं पाठवतात. पँटची उंची एवढी कमी करा, बाही इथून आत घ्या, सोबत आरशासमोर उभं राहून काढलेला फोटो. म्हणून मी मोबाइलवर मेल घेतला आणि बघता बघता सगळ्या दुनियेला माझा पत्ता लागला. मी एकदाच त्यावरून चपला मागवल्या, तर तो चपलावाला रोज सकाळ-संध्याकाळ माझी विचारपूस करतो. केस उगवायचं तेल, पोट आत घ्यायचा पट्टा, आजच संपणारी सवलत, जी उद्याही आजच संपते. एका व्यायामशाळेने तर लिहिलं की तुमच्याशिवाय आम्हाला करमत नाही. मी तिथे पाऊलही टाकलेलं नाही. या सगळ्या गर्दीत गिऱ्हाइकाची मेल शोधता शोधता माझ्या नाकी नऊ यायचे.

शेवटी समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. ती बाई माझ्याच वयाची, चष्मा डोक्यावर आणि दुसरा नाकावर. माझा फोन बघून म्हणाली, "अहो, हा फोन आहे की भंगाराचं दुकान?" मग स्टूल ओढून दिलं आणि शिकवलं. तिचं म्हणणं, दुकानदाराची मेल असली की अगदी खाली बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' लिहिलेलं असतं, ते दाबायचं. "बारीक अक्षरात का? तुम्हाला सापडू नये म्हणून!" ओळखीचं दुकान नसेल, काहीतरी गोडगोड लिहून लिंक दाबायला सांगत असेल, तर तिथे काहीच दाबायचं नाही. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जायचं आणि सरळ ब्लॉक करायचं. मी तिथेच बसून तेलवाला, पट्टेवाला, व्यायामशाळा, सगळ्यांची वासलात लावली. खोटं कशाला सांगू, मजा आली. इतक्या जणांना तोंडावर 'नको' म्हणायची संधी बाईमाणसाला कधी मिळते?

मग मी तिला विचारलं, "घरच्या माणसालाही करता येतं का हो?"

तिने नाकावरचा चष्मा काढला. "येतं की. मेलला काय कळतं घरचं आणि बाहेरचं."

खारू, मी तुला ब्लॉक केलं. ब्याद नको म्हणून तोंड फिरवलं, असं समजू नकोस. का केलं ते ऐक.

एका मास्तरांचा कोट दुकानात होता. त्यांच्या मुलाला मुलाखतीसाठी तो आखूड करून हवा होता. रात्री उशिरापर्यंत बसून बाहीवर खडूने खूण केली, कात्री हातात घेतली आणि टेबलावर फोन थरथरला. गिऱ्हाईक असेल म्हणून बघितलं. तू होतास. 'आईला तुम्ही मारलंत. परक्यांच्या हाती देऊन मारलंत.' मी फोन पालथा ठेवला आणि कापायला घेतलं. शिवणीत दुमडायचं कापड न धरताच खडूच्या रेषेवर कात्री चालवली. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण ही चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. कोट वाया गेला. मास्तर भला माणूस, उलट मलाच धीर दिला, पण तो मुलगा कापलेल्या बाहीकडे बघत राहिला आणि मला तोंड वर करता येईना.

त्या मेलमध्ये सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तुझं ते 'तुम्ही'. आरोपाला माझ्याकडे उत्तर आहे. लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलून गालात कोंबणारा तू, मला 'तुम्ही' म्हणालास.

मग त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीसारखी, तुझी दुसरी मेल. 'ताई, काल मी शुद्धीत नव्हतो. आईची फार आठवण येते. माफ कर.' या सकाळच्या मेलमुळेच मी इतके महिने तुला ब्लॉक केलं नव्हतं. मोबाइलवाल्या बाईला मी विचारलंही होतं, वाईट तेवढ्या अडवता येतील का? ती म्हणाली, शब्दावरून अडवता येतात, कॉम्प्युटरवर बसून करून देते, कुठले शब्द ते सांगा. मी सगळ्या मेल समोर घेऊन बसले. दोन्हीकडे तेच शब्द होते रे. आई, एकटा, परके, सोडून गेलीस. रात्रीच्या मेलमधला एकही शब्द असा सापडेना जो सकाळच्या मेलमध्ये नव्हता. तू रडतोस आणि भांडतोस ते एकाच भाषेत. मग एक तर दोन्ही घ्यायच्या, नाहीतर दोन्ही सोडायच्या. मी सोडल्या.

याचा मला पश्चात्ताप नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण तुला वाटेल ताई विरघळली. तू पिऊन लिहीत होतास आणि मी शुद्धीवर, दहा जणांचे कपडे हातात असताना ते वाचत होते. फोन थरथरला की माझी मशीन थांबायची. आईचं म्हणशील तर, तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची आणि घरात माझ्या कमरेखेरीज कोणी नव्हतं. ती कंबरही गेली, तेव्हा तिला शुश्रूषा केंद्रात ठेवलं. रोज दुकान बंद करून मी तिच्यापाशी जाऊन बसत होते. ती तुझी वाट बघायची. तू आला नाहीस. का, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. तुला तिला तसं बघवलं नसतं, एवढं मला कळतं. पण न येण्याचा जो राग तुझ्या पोटात आहे तो तुझ्यावरचा आहे, खारू. माझ्या पत्त्यावर पाठवून तो संपणार नाही.

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते लिहिते.

ब्लॉक केलेल्या मेल कुठे जातात माहीत आहे तुला? मला वाटलं होतं, परस्पर नाहीशा होतात. तसं नसतं. त्या स्पॅम नावाच्या कप्प्यात पडून राहतात आणि महिनाभराने आपोआप पुसल्या जातात. मला हे मोबाइलवालीने सांगितलं आणि त्या दिवसापासून मी रोज तो कप्पा उघडते. भाऊजींना वाटतं, ऑर्डरी बघते. तिथे तेलवाला असतो, पट्टेवाला असतो आणि त्यांच्यामध्ये तुझं नाव. मी उघडून वाचत नव्हते. नाव बघायचं, तारीख बघायची आणि फोन ठेवून द्यायचा. काल रात्री लिहिलंय म्हणजे काल रात्री हा होता. शिव्या का असेनात, लिहायला बसलाय. जीव भांड्यात पडायचा आणि मशीन सुरू करायची. ज्याला मी दाराबाहेर काढलं त्याची चाहूल घेत रोज दाराशी उभी राहत होते, असं झालं होतं माझं.

आणि आता कप्प्यात तुझं नाव येत नाही.

आधी वाटलं, राग ओसरला. मग वाटलं, कामात असेल. मग एकेक जुनी मेल महिना भरला तशी पुसली गेली आणि परवा तिथे फक्त तेलवाला उरला. मी त्याच मिनिटाला तुझा ब्लॉक काढला आणि तुला मेल टाकली. उत्तर नाही. फोन बंद. तुझ्या गोदामात फोन केला, तर तिथला कारकून म्हणाला, "ते काम सोडून गेले. गेल्या आठवड्यात सामान न्यायला आले होते." मी विचारलं, कसा दिसत होता? तो म्हणाला, "बारीक." मग फोन ठेवला. एवढ्यावर मी दिवस काढते आहे.

आजच निघाले असते. पण मंगळवारी यांचं ऑपरेशन, आणि पट्टी निघेपर्यंत यांना एकटं सोडता येत नाही. रविवारी सोळा तारखेला सकाळच्या बसने निघते. न सांगता कोणी आलेलं तुला खपत नाही, म्हणून आधी कळवते. मधल्या दिवसांत काहीही पाठव. 'तुम्ही' म्हण. मारलंत म्हण. मी वाचीन.

वाट बघणारी,
ताई


रविवार, १६ मार्च, दुपार
तुझ्या जिन्यात

खारू,

मी आले आहे, हे तुला कळलंच आहे. तीनदा बेल वाजवली, चौथ्यांदा हाका मारल्या. या वयात जिन्यात उभं राहून ओरडायचं म्हणजे शोभा नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून बाहेर आले.

"वरचा? आहे, आहे," ते म्हणाले. "सकाळी नळाचा आवाज येतो. कधीमधी पाव आणायला जातो. बोलत नाही कोणाशी. तुम्ही कोण?"

"बहीण."

"मोठी?"

"मोठी."

त्यांनी आत जाऊन मला बसायला उशी आणून दिली. कोण कुठले आजोबा. उशी हातात घेतली आणि मला रडूच कोसळलं, त्यांच्यासमोर. बिचारे घाबरले. म्हणून हे पत्र पायरीवर उशी ठेवून, मांडीवर पिशवी घेऊन लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे.

खालच्या टपालपेटीत माझं पत्र नव्हतं. म्हणजे ते तू वर नेलंस. वाचलंस की नाही, देव जाणे. मला एवढंही पुष्कळ आहे.

मघाशी दाराच्या फटीतून तुझ्या पायांची सावली दिसली. तू दारापाशी आलास, थांबलास आणि परत गेलास. मी हाक मारली नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही लाज वाटली असती, बाहेर यायची आणि असं न येण्याचीही.

मला तुला काही बोलायचं नाही, खारू. आईचं नाव काढणार नाही. घर कसं ठेवलंयस, केवढा बारीक झालायस, यातलं काही नाही. पिऊन बसला असशील तर तसाच बस. तू दार बंद ठेवलंस याचा मला राग नाही. मीही ठेवलं होतं, आणि का ठेवलं ते मला ठाऊक आहे. तुझंही काही कारण असेल. फक्त तुला बाहेरून कोणी विचारायला आलं होतं, हे तुला माहीत असावं. बाहेर कोणी नाहीच, असं समजून माणूस आत काय काय करून घेतो, याची मला फार भीती वाटते. म्हणून आले. दुसरं कारण नाही.

भाऊजींचा डोळा छान आहे. त्यांनीच सकाळी बसपर्यंत सोडलं, आणि म्हणाले, तो बोलेपर्यंत बसून राहा, घरची घाई करू नकोस.

हा कागद दाराखालून आत सरकवते. उत्तर लिहायला हवं असं काही नाही. दार उघडवलं तर उघड. नाही उघडवलं, तर हाच कागद तेवढा आतून परत बाहेर ढकल, म्हणजे बाहेर कोणी आहे हे तुला पोचलं, असं मी समजेन. काही लिहू नकोस, वाचूही नकोस हवं तर. तुझ्या हाताने तो फटीतून एवढा एवढा बाहेर येताना मला दिसला, की मी उठेन, आजोबांची उशी परत देईन आणि बस गाठेन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तोवर पायरीवर बसलेली,
तुझी ताई