सहावी पायरी

बाबा, आपल्या बैठकीत सध्या पंख्याला संत्री लटकतात. खरी नव्हेत, टॅबच्या पडद्यावर आपलीच खोली दिसते, मीही दिसतो आणि हवेत संत्री. हात वर करून ती तोडायची. माझी छातीही तुमच्याच वाटेने गेली, म्हणून डॉक्टरांनी हा व्यायामाचा खेळ घरी दिलाय. बोटाला चिमटा लावायचा; किती संत्री तुटली, श्वास कितपत पुरला, सगळं नागपुरातल्या व्यायामाच्या बाईंना आपोआप पोचतं. पहिल्या आठवड्यात मी सातच्या वर जाईना. असंच राहिलं तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल, असं बाई म्हणाल्या आणि माझं धाबं दणाणलं.

तेव्हा मला तुमची छातीची तपासणी आठवली. वीजकेंद्राच्या दवाखान्यासमोर रांग आहे, मी तुमचा डबा घेऊन उभा आहे. नळीत फुंकायची तुमची पाळी येते आणि तुमच्या नावावर तुमचा दोस्त आत जातो. राखेच्या कामावरच्या तुम्हा सगळ्यांत हे चालायचंच. 'अनफिट' शेरा पडला की घरी बसवतील, ही भीती. "सांगू नको कोणाले," तुम्ही म्हणालात. "त्यानं फुंकलं काय अन् मी फुंकलं काय, कागदाले का समजते?" कागदावर तुम्ही ठणठणीत निघालात. म्हणून तर वरच्या मजल्यावरची ड्यूटी लागली, आणि महिन्याभरात त्या लोखंडी जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. मला सगळं माहीत होतं. आईला मी कधी सांगितलं नाही. अजून राग येतो, तुमचा आणि माझाही.

तरी मी चिमटा बायकोच्या बोटाला लावला आणि टॅबसमोर माझ्या जागी तिला उभं केलं. ती म्हणाली, "काहून करून राहिले जी असं? मशीन फसते, छाती नाही फसत." पण भरतीचं नाव काढलं की तीही हात वर करून संत्री तोडू लागते. रोज चाळीस संत्री. बाई खूश आहेत. काल त्यांनी पुढचा टप्पा उघडून दिला.

आज खेळ लावला, तर पडद्यावर दाराजवळ जिना उभा. बायको भाजीला गेली होती, म्हणून चिमटा लावून मीच जागच्या जागी पाय उचलू लागलो. चौथ्या पायरीला भिंत धरली. पाचव्या पायरीला श्वास कमी पडला तसा पडदा लाल झाला. सहावीवर पाय ठेवायची हिंमत झाली नाही. आता खरं सांगून टाकावं म्हणून बाईंना फोन लावला. त्यांनी लगेच विचारलं, "कसं वाटतंय?"

"एकदम मस्त," मी म्हणालो. बाबा, चिमटा पुसून मी बायकोसाठी तयार ठेवला आहे.