ओट्सचे चाळीस दिवस

सांडोर, वसई
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार

प्रिय फादर व्हिन्सेंट,

(धाकट्या भावाला फादर लिहिताना दर वेळी हात अडखळतो. ज्याला मी विहिरीवर कान धरून आंघोळ घातली, त्याच्यापुढे आता मी कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकायचे. म्हणून एका ओळीत दोन्ही उरकतो. फादर म्हणून तुला नमस्कार, धाकटा म्हणून आशीर्वाद. पुढे पत्रभर तू.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? जव्हारच्या पलीकडे यंदा पाणी पुरतं आहे का? आम्ही सगळे बरे. तुझी वहिनी ज्युली बरी आहे. वाडीत केळी बरी आहे. ॲनिशाच्या लग्नाचे कपडे शिवून आले, तेही बरे आहेत. मी फारच बरा आहे. हे पत्र मुख्यतः तेच कळवायला. फोन का केला नाही असं विचारशील. आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरजवळ ज्युली असते.

जानेवारीत माझं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याऐंशी. पापडीचा डॉक्टर माझाच विद्यार्थी आहे. भूमितीत त्याला एक प्रमेय कधी सरळ मांडता आलं नाही, पण हा आकडा त्याने ठळक लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाला, सर, सकाळचं पाव-आम्लेट बंद, ओट्स खा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मी म्हटलं, बघू. प्रकरण एवढंच होतं. पण ज्युली शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि तीन महिन्यांनी काय आहे हे तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांनी ॲनिशाचं लग्न आहे. तुला सांगायला नको, तरी सांगतो, कारण हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवामागे डुकराच्या मटणाचं इंद्याल शिजतं, आणि त्या टोपापाशी घरचा माणूस उभा राहतो. भाड्याचा नाही. बाबा उभे राहायचे. त्यांच्यानंतर मी. गावातली सत्तावीस लग्नं मी त्या टोपापाशी काढली. अठ्ठाविसावं माझ्या मुलीचं. ज्युली घरी येताना रिक्षात म्हणाली, "मास्तर, रिपोर्ट सरळ आला तर टोप तुमचा. नाही आला तर फ्लॉईडचा. तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि सरबत प्यायचं." फ्लॉईड म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तू त्याला ओळखतोस. नालासोपाऱ्याला केटरिंग करतो आणि इंद्यालात सोया सॉस घालतो.

मी अट मान्य केली. आकड्यांना मी घाबरत नाही, चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे. उलट मी एका कामात दोन उरकायचं ठरवलं. राखेचा बुधवार जवळ आला होता. आपल्या आळीच्या प्रार्थनासभेत दर वर्षी प्रत्येकाने उपवासकाळाचा त्याग सांगायचा असतो. एकाने सिगारेट सोडली, दुसऱ्याने चहा सोडला. एकीने संध्याकाळची मालिका सोडली (ती आता सकाळी बघते). माझी पाळी आली. मी म्हटलं, ओट्स. मग कोपऱ्यातून ॲनी म्हातारीने विचारलं, "सोडणार की धरणार?" मी म्हटलं, धरणार. ती म्हणाली, "मग हा त्याग आहे हे देवाला कळेल ना?" मी सांगितलं, एकदा खाऊन बघा, देवाला लगेच कळेल.

पहिला आठवडा झटपट ओट्सचा. ॲनिशाने मोबाईलवरून मागवले. दुधात घालायचे आणि दोन मिनिटं थांबायचं. व्हिन्सेंट, दोन मिनिटांत शिजणाऱ्या वस्तूवर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. बशीत जे आलं ते पांढरं होतं. चमचा उभा केला, तो उभाच राहिला. नाताळचा आकाशकंदील करताना आई जी खळ शिजवायची तिची मला आठवण झाली, म्हणून उरलेल्या ओट्सनी मी माझ्या गीतपुस्तकाची सुटलेली पाठ चिकटवली. ती अजून सुटलेली नाही. दुसरा प्रकार मसाला ओट्स. त्यात मसाला आहे हे पाकिटावर लिहिलं आहे, म्हणून कळतं. मी त्यात घरचा मसाला एक चमचा घातला. मग दुसरा. मग ओट्सना एकटं वाटू नये म्हणून थोडा सुका जवळा. ॲनिशा ओट्याशी येऊन उभी राहिली, वाडग्यात बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे ओट्स नाहीत, हे कालवण आहे." तेव्हापासून मसाल्याची बरणी तिच्या कपाटात असते. किल्ली तिच्याकडे आहे.

तिसरा प्रकार स्टील कट ओट्स. हे कापलेले दाणे असतात, तांदळाच्या कणीसारखे. अर्धा तास मंद आचेवर ठेवावे लागतात. अर्धा तास आणि मंद आच हे शब्द वाचून मला बरं वाटलं. ही आपल्या बाजूची वस्तू आहे हे मी ओळखलं. चूक इथे झाली, पण ती स्वयंपाकाची नव्हती. तुला माहीत आहे, मला पाच माणसांचं रांधता येत नाही, पाचशेंचं येतं. माझा हात तेवढाच आहे. मी मनात पाचशेंचं प्रमाण धरलं, त्याला भागलं, भागाकार बरोबर आला, आणि एक किलो ओट्स चुलीवर चढवले. ते फुगतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मटण शिजलं की आटतं. ओट्स शिजले की वाढतात. मी पाणी घातलं, ते वाढले. पुन्हा घातलं, पुन्हा वाढले. आठ वाजता मधला टोप भरला होता आणि मी मोठा काढत होतो. ज्युली चर्चमधून पहिल्या मिस्साहून आली, टोपाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "लग्न आज आहे का?" मी आळीत डबे पोचवले. लोकांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी डबे घासून परत आले, त्यावरून खाल्ले की टाकले ते कळत नाही. शेजारच्या वाडीतल्या यमुनाबाईंनी मात्र खरं सांगितलं. "मास्तर, म्हशीपुढं ठेवलं. तिनं वास घेतला नि माझ्याकडं बघितलं."

याच यमुनाबाईंनी दुसऱ्या दिवशी मला नाचणीची आंबील आणून दिली. ताक, लसूण, मीठ. आंबूस आणि गरम. मी ओट्यावर उभ्यानेच प्यायलो आणि भांडं परत करताना विचारलं, हे कोलेस्टेरॉलला चालतं का? त्या म्हणाल्या, "आमच्यात ह्याला औषध नाय म्हनत. न्याहारी म्हनतात." मग मी धीट झालो. गव्हाचा दलिया केला. ज्वारीची कणी केली. जव आणून भिजवले (जव शिजत नाहीत, ते फक्त विचार करतात). वरी, सातू, शेवटी साधी तांदळाची पेज. आणि चौथ्या आठवड्यात परत स्टील कट ओट्सकडे आलो, या वेळी मुठीने मोजून. कांदा, हिरवी मिरची, थोडी चिंच. तेल जवळजवळ नाही. पाऊण तास झाकण उघडायचं नाही. व्हिन्सेंट, ते चांगलं झालं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि मग बशी पुढे ठेवून विचारात पडलो. त्याग म्हणून घेतलेली गोष्ट आवडायला लागली तर तिचं काय करायचं? हा तुझा विषय आहे. सवडीने लिही. मी माझ्यापुरता निकाल दिला आहे की पहिले तीन आठवडे देवाचे धरावेत आणि पुढचे माझे.

आता रविवारांबद्दल. ज्युलीने तुला काही कळवलं असेल तर ते अर्धं आहे. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, हे तू व्यासपीठावरून सांगतोस. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत मोज. शेहेचाळीस भरतात. सहा दिवस जास्त कुठून आले? ते सहा रविवार. रविवार उपवासात धरत नाहीत. हे मला पहिल्याच रविवारी मिस्सानंतर फ्लॉईडने दाखवून दिलं. स्कूटर थांबवून म्हणाला, "भावोजी, आज तुमचा त्याग सुटीवर. चला, चॉप्स केलेत." गणित बरोबर होतं. मी गेलो. ज्युली उपवासकाळभर घरात मटण आणत नाही, रविवारीही नाही, त्यामुळे तिला या हिशोबाची गरज कधी पडली नव्हती. मला पडली. दुसऱ्या रविवारी कलेजी होती. तिसऱ्या रविवारी फ्लॉईडने कळंबला ऑर्डर घेतली होती, तिथे मला चव बघायला नेलं. मी टोपाजवळ बसून चव बघितली, दोनदा जेवून. चौथ्या रविवारी त्याने इंद्याल केलं, माझं मत विचारलं, आणि मी शिकवायच्या भरात तीन बशा शिकवल्या. पाचव्या रविवारी जेवताना माझ्या मनात आलं की हा माणूस मिस्साला प्रवचन संपल्यावर येतो आणि शांतीचा नमस्कार झाला की निघतो. याला उपवासकाळातले रविवार कोणी मोजून दिले? मी घास खाली ठेवला. (मग उचलला. टाकणं बरं दिसलं नसतं.) माझा रिपोर्ट बिघडला तर टोप कोणाकडे जातो, याचा विचार मी पाच रविवार केला नव्हता. चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो, गणित सोडवण्याआधी कोणी घातलंय ते बघा. मी त्याचा कावा पुरता ओळखला. सहाव्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी त्याच्याकडे गेलो ते केवळ त्याच्या तोंडावर हे सांगायला. ते सांगायचं राहिलं. वजरी होती.

ईस्टरच्या सोमवारी फ्लॉईडने हे सगळं ज्युलीला सांगितलं. स्वतःहून, हळहळून. "ताई, मी भावोजींना नको म्हणत होतो." ज्युली ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला उत्तर होतं. तिने माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं, सहा रविवारांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "देवाने सुट्टी दिली, समजलं. रक्ताला कोण सुट्टी देतं?" मी म्हटलं, हा प्रश्न ईशज्ञानाचा आहे, व्हिन्सेंटला विचारू. ती म्हणाली, विचारा. म्हणून विचारतो.

एरवी माझी काहीच तक्रार नाही. चाळीस दिवस मी शब्द पाळला. गेल्या शनिवारी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. सुई लागताना हललो नाही. रिपोर्टबद्दल मी निश्चिंत आहे. चाळिसातून सहा वजा केले तरी चौतीस उरतात (आणि ते सहा मुळात चाळिसांत नव्हतेच, हे मी वर सिद्ध केलं आहे). मी मिरच्या बघून ठेवल्या आहेत, लाकडं वाळत घातली आहेत, टोपाला कल्हई करून आणली आहे. फ्लॉईडसाठी मांडवात पंख्याखाली खुर्ची राखून ठेवली आहे. सरबत मिळेल.

तू लग्नाची मिस्सा छोटी ठेव. तब्येतीला जप. सकाळी काय खातोस ते कळव.

तुझा थोरला भाऊ,
मार्सेल

ता. क. ज्युलीला दोन ओळी लिही. मोठ्या अक्षरात, मिशनच्या शिक्क्याच्या कागदावर. रविवार उपवासकाळात धरत नाहीत, एवढंच. माझं नाव कुठे घालू नकोस. तुला सहज सुचलं म्हणून लिहिलं असं वाटू दे.

ता. क. दुसरं. वर निश्चिंत लिहिलं आहे ते रिपोर्ट न बघता. तो तयार आहे. लॅब फोनवर पाठवते, पण मी नंबर दिला नाही, कागद घ्यायला येतो म्हणालो. कालपासून दोनदा पापडीला गेलो. एकदा केळ्यांचे घड पोचवून आलो, एकदा नुसताच आलो. दोन्ही वेळा लॅबचं दार उघडं होतं. शुक्रवारी तू बिशपांकडे बैठकीला येणार आहेस. येता येता तू तो घे. पावती या पत्राला टाचली आहे. पाकीट तूच उघड. लोकांचं वाईट ऐकून चेहरा सरळ ठेवायची तुला सवय आहे, मला नाही. आकडा चांगला असेल तर घरी जा आणि थेट ज्युलीला सांग, माझ्या तोंडून तिला खरं वाटणार नाही. वाईट असेल तर आधी मागच्या वाडीत ये. मी केळीला पाणी देत असेन.

ता. क. तिसरं, आणि हे ज्युलीसमोर काढू नकोस. बाबा आपल्या इनेझताईच्या लग्नात टोपापाशी उभे होते, पुढच्या जूनमध्ये गेले. बासष्टावं चालू होतं. मला ऑगस्टमध्ये बासष्टावं लागेल. म्हणून आकडा वाईट असेल तर टोपाचं मनावर घेऊ नकोस. तो फ्लॉईडला दे. तू फक्त त्या डॉक्टरकडे जा आणि त्याला विचार, मुलीला वेदीपर्यंत हात धरून नेता येईल ना, आणि पुढच्या काही नाताळांना तिच्या घरी जाता येईल ना. विचारताना माझं नाव सांगू नकोस, सरांना वाईट वाटेल म्हणून तो उत्तर गोल करेल. जव्हारकडच्या एका माणसाचं आहे म्हण. आणि तो काही म्हणो, शुक्रवारी जेवायला थांब. ओट्स मीच करणार आहे.