माईक आपल्याकडेच येणार

१ डिसेंबर, सोमवार

परिपत्रक आलं. जिल्ह्यातल्या सगळ्या जिल्हा परिषद शाळांचा विद्यार्थी महोत्सव. आधी आसपासच्या शाळांची केंद्र पातळी झरीला, मग जिल्हा पातळी परभणीला, ९ जानेवारी. मुलांच्या स्पर्धा नेहमीच्याच. समूहनृत्य, नाटिका, खो-खो, वक्तृत्व. ते होत राहील. मुद्द्याचं वाक्य अगदी शेवटी आहे : 'सूत्रसंचालनाची जबाबदारी यथावकाश कळवण्यात येईल.'

यथावकाश म्हणजे मला. दुसरं आहे कोण जिल्ह्यात? गंगाखेडचे योगीराज सर आहेत म्हणा. पण त्यांचा आवाज नाकातून येतो.

बावीस वर्षं मास्तरकी केली. केंद्रातला एकही निरोप समारंभ माझ्या निवेदनाशिवाय झालेला नाही. एका सरांचा तर दोनदा केला, कारण पहिल्या वेळी ते रिटायरच नव्हते, नुसती बदली होती. पण परभणीचं स्टेज अजून मिळालेलं नाही, आणि ते मला हवंय. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार हवंय.

उद्यापासून रोज पहाटे आवाजाचा रियाज. लोणचं, गार पाणी, दाण्याची चटणी बंद. रोज एक नवी चारोळी.

२ डिसेंबर

रियाज नाही. थंडी होती. थंडीत आवाज बसतो, त्यामुळे न करणं हाच रियाज. लोणचं थोडं खाल्लं. फोडी नाहीत, नुसता खार.

४ डिसेंबर

काळं जाकीट शिवायला टाकलं. सुनेत्रा म्हणाली, निळं आहे की कपाटात. निळं केंद्र पातळीसाठी, काळं जिल्ह्यासाठी, एवढं साधं बायकोला कळू नये याचं वाईट वाटलं.

५ डिसेंबर

रियाजाला श्रोते लागतात, भिंतीसमोर रंग चढत नाही. मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गाला म्हटलं, बसा. मी डोळे मिटून सुरुवात केली. उघडले तेव्हा वर्ग खो-खोच्या मैदानावर होता. एकटी शिवकन्या बसलेली. कलेची जाण असलेली मुलगी. (पाय मुरगळला होता असं नंतर कळलं. पण जाण आहेच.)

तिला एका काल्पनिक शाळेचं स्वागत करून दाखवलं. मराठवाड्याच्या मातीपासून सुरू केलं, गोदामाईवर आलो, शिक्षणाच्या वटवृक्षाखाली थोडा विसावलो. तिने तोंडावर हात धरला होता. भावना अनावर झाल्या असाव्यात. शेवटी विचारते, "सर, शाळेचं नाव कवा येतंय?"

रसग्रहण शिकवायला हवं मुलांना.

७ डिसेंबर, रविवार

घरी किरकोळ प्रकार. गॅसवरचं दूध वर आलेलं मी पाहिलं आणि सुनेत्राला सांगायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सवयीने सुरुवात जरा लांब झाली. दूध गेलं. ती म्हणाली, "दूध उतू चाललंय एवढंच सांगायचं होतं की. तुमी प्रस्तावना कशाला करायलाव?"

ओटा मी पुसला. पुसताना चारोळी सुचली :
'शुभ्र धवल ते दूध पहा / उंच उंच जाई पहा / तसेच आमुचे विद्यार्थी / उंच उंच जाती पहा.'
वाया काहीच जात नाही.

१० डिसेंबर

सत्यशीला मॅडम मुलींची नाटिका बसवतायत. नाव 'पाणी आलं, पाणी!' गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि सगळी गल्ली हंडे घेऊन धावते, असा विषय. हंडे मुलींनी आपापल्या घरून आणलेत. मॅडमनी विचारलं, सर, जरा प्रॅक्टिस बघता का. मी म्हटलं, बघायला वेळ नाही, पण प्रस्तावना लिहून देतो, सहा मिनिटांची. त्या म्हणाल्या, नाटिकाच आठ मिनिटांची आहे. आणि हसल्या. मनापासून दाद देणारी माणसं आता कमी राहिली आहेत.

१५ डिसेंबर

शिवकन्याचा पाय बरा झाला तरी ती मधल्या सुट्टीत थांबते. आज पुन्हा पूर्ण स्वागत ऐकवलं. खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, आटपा आता. लेकरू उपाशी हाय अन् खिचडीचा दगड व्हायलाय." कलेला अडथळे येणारच. शिवकन्याने जाता जाता विचारलं, माईक तोंडापासून किती लांब धरायचा. सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे एक वीत." हो, थोडक्यात सांगायचं तर एक वीत. पण थोडक्यात का सांगायचं?

१८ डिसेंबर, गुरुवार

केंद्र पातळी. झरी. निळं जाकीट.

सकाळी दहाला माईक हातात आला. सरपंच, उपसरपंच, केंद्रप्रमुख साहेब, हेडसर, मंडपवाले, सगळ्यांचा परिचय करून दिला. कोणी राहायला नको. दिव्याचं महत्त्व सांगेपर्यंत समईची वात दोनदा विझली. पहिलीची मुलं भाज्या होऊन रांगेत उभी होती. मी भाजी आणि जीवन यावर बोलत असताना वांगं झोपलं. मग भेंडी रडायला लागली. तिला बघून कोबी. सरपंचांना शेतातून फोन आला, ते गेले. फोन वाजलेला मात्र मला ऐकू आला नाही.

तीन वाजता लाईट गेली. वेळापत्रकाप्रमाणे तीनला जाते, त्यात माझा दोष नाही. फक्त आमची शाळा राहिली होती, शेवटचा नंबर. नाटिकेचं सगळं संगीत पेनड्राईव्हमध्ये. मुली हंडे घेऊन स्टेजवर उभ्या आणि स्पीकर मुका. मी बिनमाईकचं बोलून वेळ सांभाळू लागलो. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा कानाला हात लावून बघत होते, म्हणजे तिथपर्यंत तरी पोचत असावं.

मग सत्यशीला मॅडमनी खालून कसली तरी खूण केली आणि मुलींनी रिकाम्या हंड्यांवरच ताल धरला. गाणं स्वतःच म्हणायला लागल्या. चुलीवरून तवा काढायच्या आधी नळाकडे पळणारी बाई, मधेच घुसणारी शेजारीण, सगळं. मंडपातल्या बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. जी माणसं घरी निघाली होती ती परत येऊन उभी राहिली.

पहिला नंबर. आमची शाळा परभणीला जाणार!

शांतपणे विचार केला तर श्रेय वातावरणनिर्मितीला जातं. पाच तास मी लोकांना तयार केलं होतं. त्यानंतर त्यांना काहीही आवडलं असतं.

२१ डिसेंबर

स्वागताची ऑडिओ क्लिप शिक्षकांच्या जिल्हा ग्रुपवर टाकली. अकरा मिनिटं. सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही लिहिलं नाही. भारावून गेली की माणसं बोलत नाहीत. योगीराज सरांनी तेवढे हात जोडले. हार मान्य केली बिचाऱ्यांनी.

२७ डिसेंबर, शनिवार

फोन आला!! केंद्रप्रमुख साहेब स्वतः. शब्द जसेच्या तसे लिहितो : "काशीनाथ सर, नऊ तारखेला सकाळी आठला परभणीत हजर राहा. स्टेजजवळची ड्यूटी आहे. तुमच्याशिवाय कोणाला देता येईना."

सुनेत्राला सांगितलं. ती खरंच आनंदली, म्हणाली, बरं झालं बाई, एकदाचं मिळालं. तिने पूर्ण्याला भावाला फोन लावला. भागवत रेल्वेत आहे, एरवी मुलाच्या बारशालाही रजा मिळाली नव्हती त्याला. म्हणाला, दाजींचा कार्यक्रम म्हटल्यावर रजा टाकतो, व्हिडिओ मीच काढणार.

दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवलं. एका चुलत मेहुण्याने विचारलं, पेपरात येईल का. मी म्हटलं, बघू.

१ जानेवारी

नवीन वर्ष. लोणचं कायमचं बंद. उद्यापासून, कारण आज सत्यशीला मॅडमनी डब्यात लिंबाचं आणलं होतं.

मॅडम म्हणाल्या, जिल्ह्याहून एका मुलीचं नाव मागितलंय, शिवकन्याचं पाठवलं. कशासाठी ते मी विचारलं नाही. मी तेव्हा समारोपाच्या परिच्छेदात होतो.

८ जानेवारी

काळं जाकीट घालून पाहिलं. शेवटचं बटण लागत नाही. माईक हातात असला की पोट झाकतं. स्वागत अकरावरून चौदा मिनिटांवर नेलंय. चारोळ्या तीस. झोप येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी

परभणी. मंडप केवढा! नऊ तालुक्यांची मुलं. पूर्ण्याची लेझीम, गंगाखेडचा मल्लखांब, कुठल्या तरी शाळेने स्वतः बनवलेलं ठिबक सिंचन. भागवत पहिल्या रांगेत मोबाईल चार्ज करून बसलाय.

ड्यूटीची यादी मिळाली.

माझ्या नावापुढे : वेळाधिकारी. एक टेबल, एक घड्याळ, एक घंटा. स्पर्धक ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलला की घंटा वाजवायची.

साहेबांना म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल. ते म्हणाले, महोत्सव मुलांचा आहे, यंदा सूत्रसंचालनही मुलंच करणार. मग घंटेला मी कसा, विचारलं. तर म्हणाले, वेळ जाणं म्हणजे काय हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? विश्वासाने दिलेलं काम म्हणायचं.

योगीराज सर भेटले. त्यांना पार्किंग. तेही जाकीट घालून आलेत, मरून. मला त्यांची खरोखर दया आली.

दुपारी

माईक शिवकन्याकडे आहे. एक वीत अंतरावर.

आधी शाळेचं नाव, मग गावाचं, मग काय करणार ते. एक ओळ. मूल स्टेजवर येतं, करतं, टाळ्या, दुसरं येतं. पहिल्या तासाला वाटलं, पोर घाबरली म्हणून थांबतेय, आता रंगेल. नाही. तशीच राहिली. ठिबक सिंचनवाल्या मुलाची नळी निसटली आणि पाणी पाहुण्यांच्या बुटावर गेलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "चालतंय हे दाखवलं त्याने." सगळा मंडप हसला. ही चारोळी नव्हती. पण हसला.

घंटा एकदाही वाजली नाही.

भागवतने दोनदा येऊन विचारलं, "दाजी, तुमचा नंबर कवा हाय?" सांगितलं, शेवटी.

आमच्या मुली आल्या तेव्हा ती म्हणाली, "आता आमची शाळा. पाणी आलं, पाणी." बस. मुलींनी या वेळी पेनड्राईव्ह आणलाच नव्हता. हंड्यांवर पहिला ताल पडला. घड्याळ बघायचं माझं काम, ते बघायचं राहून गेलं. आठ मिनिटांत संपलं असावं.

१० जानेवारी, शनिवार. सकाळी

कालचं पूर्ण करतो.

जिल्ह्यात पहिला नंबर आमचा. बक्षिसं वाटून झाली तेव्हा जेमतेम साडेतीन. मंडप पाचपर्यंत घेतलेला. असं याआधी कधीच झालं नव्हतं म्हणे. सगळे फोटोला बाहेर पळाले, सत्यशीला मॅडम, मुली, हंडे, शिवकन्या मधोमध. मी निघालोच होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, काशीनाथ सर, माईक चालूच आहे, तुम्ही घ्या जरा.

घेतला. परभणीचं स्टेज. काळं जाकीट. दीड तास हातात. समोर भागवत मोबाईल धरून उभा.

आणि बोलायला काहीच नाही. स्वागत करावं तर आलेले चालले होते. परिचय द्यावा तर पाहुणे गाडीत बसले होते. मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. तीस चारोळ्या खिशात.

शिवकन्या पळत पळत परत आली. वाटलं, फोटोला बोलवायला आली. एक छोटी निळी चप्पल माझ्या हातात दिली. "सर, ही सापडलीया. एवढं पुकारता का? डाव्या पायाची हाय." आणि गेली.

मी पुकारलं. आवाज छान लागला होता. "प्रवास कोणताही असो, पावलांना हवी असते साथ..." एवढ्यात पहिलीतलं एक पोरगं लंगडी घालत आलं, माझ्या हातातून चप्पल ओढली, घातली आणि पळालं. दुसरी ओळ राहिली.

टाळी वाजली. भागवतचे दोन्ही हात मोबाईलला होते. बघितलं तर स्टेजच्या पायऱ्यांशी योगीराज सर, मरून जाकिटात, हातात चिठ्ठी. म्हणाले, गेटसमोर एक जीप आडवी लावलीय, ती हलवायला सांगायचं आहे. मी चिठ्ठीला हात पुढे केला, तर त्यांनी ती मागे घेतली. म्हणाले, "सर, तेवढी जीप मला पुकारू द्या की. तुमाला चप्पल मिळालीया."

माईक दिला. त्यांनी जीप पुकारली. कोकिळेपासून सुरुवात केली, नंबरावर यायला वेळ लागला. जीप कधीच निघून गेली होती.

मी टाळ्या वाजवल्या.