समुद्रातून दिसणारं घर

दि. ४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

उन्हाळ्यात तुम्ही माझ्याकडे राहून गेलात, तेव्हा तुमच्या चपला इथेच राहिल्या. दोन्ही. आणि माझी एक जोडी तेव्हापासून सापडत नाहीये. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते कळवावं.

माझं बरं चाललंय. कारखान्यात सध्या वाचायच्या चष्म्यांचं काम आहे. दिवसभर काचा घासायच्या आणि उजेडाकडे धरून बघायच्या. संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरचे दिवेसुद्धा मी एक डोळा मिटून बघते, सवयच लागलीय.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी तुमच्यादेखत सांगितलं की तुमची नजर हळूहळू उतरणार. त्यावर तुम्ही मला शब्द दिलात, की ज्या दिवशी समुद्रातल्या आपल्या मासेमारीच्या खडकावरून आपलं घर दिसणार नाही, त्या दिवशी होडी मोडीत काढून माझ्याकडे कायमचे राहायला याल. आठवण करून देते, कारण सोयीचं तेवढंच तुमच्या लक्षात राहतं. हंगाम सुरू झालाय. तुम्ही एकटे जाता, पाण्याखालच्या खडकांमधून वाट काढत जाता. मला रात्री वारा वाजला तरी झोप लागत नाही.

परवा आईची फार आठवण आली. मागच्या खिडकीत शिवण घेऊन बसायची आणि तुम्ही परत आलात की विचारायची, मी दिसले का म्हणून. तुम्ही म्हणायचात, घर दिसलं. मग ती जेवण होईपर्यंत घुम्यासारखी बसायची.

घर दिसतंय ना, ते कळवा. समुद्रातून काही नवीन दिसलं तर तेही लिहा. सहज विचारतेय.

लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नये.

तुमची,
टिटवी


दि. १३ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

चपला मीच घालून आलो. बोटीत बसेपर्यंत पत्ता लागला नाही. तुझ्या रंगारी मामाच्या मात्र धक्क्यावरच लक्षात आलं आणि त्याने बेटभर बोभाटा केला. चपला चांगल्या आहेत, टाचेला मऊ लागतात. परत मिळणार नाहीत.

यंदा पाणी लवकर निवळलं. इतकं, की नांगर टाकला की त्याची दोरी खाली खाली जाताना दिसते, आणि आपणच तिच्याबरोबर उतरत चाललोय असं वाटतं. सकाळी पाण्यावर धुकं असतं. बेट त्यावर ठेवल्यासारखं दिसतं, खाली काही नाही. कुणीतरी धक्क्यावर खोकतं ते होडीत शेजारी खोकल्यासारखं ऐकू येतं.

तू लहान होतीस तेव्हा दाखवलेल्या खुणा आठवतात का? बर्फाच्या कारखान्याचं धुराडं दीपगृहामागे लपलं की वल्ही थांबवायची. मग होडी आपली आपण सरकू द्यायची, एकट्या झाडाच्या शेंड्यावर आपलं घर येऊन बसेपर्यंत. दोन्ही जुळलं की बरोबर खाली आपला खडक. या दिवसांत बांगड्यांचे थवे त्याच्यावरून फिरतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. गळ सोडून बसलो की ऊन पाठीवर येतं, होडी डुलते, आणि मला झोप लागलीय की मी जागा आहे हे मलाच सांगता येत नाही. मग दोरीला हिसका बसतो. एक तर एवढा मोठा होता की होडी त्याने ओढत नेली, मी नुसता बसून राहिलो. शेवटी त्यालाच कंटाळा आला.

घर दिसतं. उन्हात पिवळंधमक दिसतं. काळजी नसावी. बाकी नवीन काही नाही, समुद्रात नवीन काय असणार.

पत्र पाठवत जा. तुझी वटवट वाचली की घरात कुणी आहेसं वाटतं.

तुझा,
बाबा


दि. २० ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. घर पिवळं नाहीये, बाबा.

तुम्ही माझ्याकडे होतात तेव्हा मी मामाकरवी मागची भिंत रंगवून घेतली. कड्याच्या टोकावर असल्यामुळे ती बेटावरून कुणालाच दिसत नाही, फक्त पाण्यावरून दिसते. मामा छपरावरून दोरीने लोंबकळत उतरला आणि सगळी भिंत निळी करून वर आला. आईला ती जन्मभर निळी हवी होती आणि तुम्ही जन्मभर बघू म्हणालात. मला वाटलं, पहिल्याच दिवशी खडकावर पोचाल, मान वर कराल आणि मला चार शिव्या हासडाल. त्या शिव्यांची मी वाट बघत होते. मामाच्या पोटात एरवी काही राहत नाही, पण या वेळी त्यानेही तोंड उघडलं नाही.

आणि तुम्ही लिहिलंत, पिवळंधमक.

म्हणजे तुम्ही डोळ्यांनी बघत नाही आहात, आठवणीने बघताय. आठवणीवर खडकांतून होडी हाकताय. पत्र वाचलं तेव्हा मी काचा घासायच्या यंत्रापाशी उभी होते, तिथेच खाली बसले. मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला फक्त भीती वाटतेय. होडी तुमच्यापासून तोडताना मलाही त्रास होणार आहे, तीत मी चालायला शिकलेय. पण दिलेला शब्द पाळा. पुढच्या महिन्यात सुट्टी मिळतेय, मी तुम्हाला न्यायला येते. तोवर धक्का सोडू नका, हात जोडते. मामालाही लिहितेय, की तुमच्यावर लक्ष ठेव आणि माझं पत्र पोचेपर्यंत काही बोलू नकोस.

माया तशीच ठेवा.

तुमची,
टिटवी


दि. २७ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बस, मग वाच.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी खडकावर गेलो. धुराडं लपलं, झाडही लांबून नीट दिसलं. त्याच्या शेंड्यावर घर मात्र नव्हतं. नुसतं आकाश. मी डोळे पाण्याने धुतले, पुन्हा बघितलं. मला वाटलं, झालं, नजर गेली. खरं सांगायचं तर त्याच्या आधी दुसरंच मनात आलं. तुझी आई गेली आणि आता तिच्यामागोमाग घरही गेलं, असं वाटलं. मी गळ न टाकता परत फिरलो.

त्यानंतर होडी काढलीच नाही. शब्द दिला होता तो अर्धा पाळला. तुला सांगायचा तेवढा धीर झाला नाही, कारण सांगितलं की होडी गेली. रोज धक्क्यावर जाळी सांधत बसायचो. तुला लिहिलेले मासे सगळे जुने आहेत. होडी ओढणारा तो मोठा, तुझ्या जन्माच्या वर्षीचा. लिहिताना मात्र मला तो आत्ताच लागल्यासारखा वाटत होता.

काल तुझं पत्र आलं. ते वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारी डोकावून गेले. मग जरा रडलोही. मग गच्चीवरून माझ्यावर लक्ष ठेवून बसलेल्या तुझ्या मामाला खाली बोलावलं आणि माझ्याऐवजी बघायला म्हणून होडीत घातलं. कड्यावर दोरीला लोंबकळणारा हा गडी, होडी हलली की दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटून बसतो. बघणार कोण, तर पुन्हा मीच.

धुराडं लपलं, मी वल्ही थांबवली. झाड आलं. तुम्ही दोघांनी मिळून भिंतीचं आकाश करून टाकलंय, पोरी. भिंत कुठे संपते ते मला काय, कुणालाच कळणार नाही. पण आता खूण कुठे शोधायची ते ठाऊक होतं, म्हणून मी बघत राहिलो. होडी सरकत गेली आणि शेंड्याच्या थोडं वर एक काळा ठिपका दिसला. बाजूला काही नाही, खाली काही नाही. नुसती खिडकी.

इतकी वर्षं त्या पिवळ्या भिंतीपुढे मला ती कधी दिसलीच नव्हती. तुझ्या आईला वाटायचं मी चिडवतोय. मी खरंच सांगत होतो.

डोळे अधू झालेत, ते नाकारत नाही. हंगाम संपला की येईन, तुझ्या हातच्या काचांचा चष्मा कर. पण शब्द बदलून दे. ज्या दिवशी खिडकी दिसणार नाही, त्या दिवशी होडी मोडीत.

सुट्टीत ये, पण न्यायला नको. सकाळी मी निघालो की आईच्या जागी बस. तुला शिवता येत नाही, तेव्हा नुसतीच बस. संध्याकाळी मी आलो की मला विचार, दिसले का म्हणून.

कळावे. येताना माझ्या चपला आण.

तुझा,
बाबा