बरगड्या शाबूत

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून रोज लिहायचं. माणसाने निदान स्वतःपाशी तरी मन मोकळं करावं.

काल संध्याकाळी ज्योत्स्ना माहेरी गेली, फोपनारला. कारण किरकोळ. तिचं मनगट दारात आलं. दार मी लावत होतो, मान्य. जोरात लावत होतो, तेही मान्य. भाजीत मीठ नसलं की माणूस दार हळू लावत नाही. पण दार लागत असताना हात मध्ये कोण ठेवतं?

तिचा भाऊ भूपेंद्र तिला न्यायला मोटारसायकलवर आला. बोलणं नाही, चालणं नाही, उंबऱ्यातच मला एक ठेवून दिली. आमच्या अख्ख्या राजपुरा मोहल्ल्याने पाहिलं. समोरचा पानवाला चुना लावता लावता थांबला.

आज नववीला मानवी सांगाडा घेतला. कवटीतलं हलणारं मोठं हाड एकच, खालचा जबडा, असं सांगून हलवून दाखवायला गेलो तर कट्कन आवाज झाला. वर्ग हसला. गालावर बोटं उमटलेली होतीच. मागच्या बाकावरच्या दोघांना पोटऱ्यांवर छडी दिली. हाडाला न लागता नेमकं मांसावर मारणं ही कला आहे, ती सगळ्या सरांना जमत नाही.

संकल्प: ज्योत्स्नाला परत आणणे. भूपेंद्रला शास्त्रीय पद्धतीने मारणे. रोज दूध पिणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अभ्यास केला. भूपेंद्र सहा फूट. केळीचे घड वाहून वाहून खांदे रेड्यासारखे झालेत. पण हाडं? दोनशे सहा. माझीही दोनशे सहा. म्हणजे लढत बरोबरीची, वरून विद्या माझ्याकडे. एवढा मोठा खांदा धडाला जोडलेला असतो तो गळ्याखालच्या एका बारीक हाडाने. शरीरात सगळ्यात जास्त मोडणाऱ्या हाडांपैकी ते एक. तिथे तळहाताच्या कडेने एक तिरका वार, की हात लुळा. मग तो माझ्या पायाशी बसेल आणि मी त्याला त्याच हाडाची माहिती सांगेन.

आमच्या शाळेचे पीटीचे सर रितेश यांना दोन डाव शिकवा म्हटलं. ते म्हणाले, "यादव सर, रहने दो. तुमचं काम खडू धरायचं." जळतात.

घरी गव्हाचं पोतं टांगून सराव केला. पहिला वार उत्तम. दुसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी. हाताच्या पंजात सत्तावीस हाडं असतात, सत्तावीसही ठणकताहेत. गव्हात खडे असणार. दुकानदाराला सुनावलं पाहिजे.

दूध नासलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फोपनारला फोन लावला. ज्योत्स्ना आली नाही. सासूबाई गोदाबाई बोलल्या. "जवाईबापू, प्लास्टर लावलं तिला. दीड महिना हात हालवायचा नई म्हणे डॉक्टर." मी त्यांना शांतपणे समजावलं, की डॉक्टरांना प्लास्टर लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मनगटात आठ लहान हाडं असतात, एखाद्याने काही बिघडत नाही. त्यांनी फोन ठेवला. अडाणी माणसं.

मी स्वभावाने मारकुटा नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. ज्योत्स्नालाच लागून घ्यायची खोड आहे. गेल्या दिवाळीत माझ्या हातून ताट सुटलं ते नेमकं तिच्या कपाळावर. कपाळाचं हाड दणकट, काही झालं नाही, टाके चारच. त्याआधी एकदा ती स्वयंपाकघरात माझ्या पायाला लागून ओट्यावर आपटली, तेव्हा आठवडाभर कूस धरून चालत होती. आणखी एकदा बोट. एवढे अपघात एकाच घरात! वास्तू दाखवून घ्यायला हवी.

खिचडी केली. करपली. तीच खाल्ली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हात सुजलेलाच, म्हणून लाथांवर भर. पोत्याला डाव्या पायाने मारली. पोतं झुलून परत आलं आणि मला लागलं. माकडहाडावर बसलो. वर्गात उभ्यानेच शिकवतोय.

आज सांगाड्याची कामं घेतली. आधार देणे, नाजूक अवयवांचं रक्षण करणे, हालचाल, अस्थिमज्जेत रक्त तयार करणे, कॅल्शियम साठवणे. एका मुलीने विचारलं, सर, हाडं आपलं रक्षण करतात, मग हाडांचं रक्षण कोण करतं? मी म्हटलं, अभ्यासक्रमात नाही. बस खाली.

रविवारी फोपनार. ठरलं.

रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी

कसाबसा लिहितोय. डावा डोळा मिटलाय.

रितेश सरांना साक्षीदार म्हणून त्यांच्याच गाडीवर नेलं. भूपेंद्रच्या मळ्यात केळीची काटणी चाललेली. तो ट्रॅक्टरजवळ घड रचत होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं: "ज्योत्स्नाला बाहेर पाठव, नाहीतर तुझा सांगाडा मोजायला लावीन." त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवला, हात पुसले, म्हणाला, "जिजाजी, चहा घ्या अन् परत जा. ताईनं सांगितलं, तुम्हाले हात लावायचा नई."

मी वार केला. गळ्याखालचं हाड नेमकं हेरलं होतं. पण तो ऐन वेळी वळला आणि माझा सुजलेला हात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या लोखंडी फळीवर बसला. ओरडलो, हे खोटं नाही. त्या भरात मी खाली पडलेला विळा उचलला. मारायला नव्हे. नुसता धाक. पण विळा फिरला आणि त्याच्या दंडाला लागला. बरंच रक्त आलं.

मग त्याने ताईचं ऐकलं नाही.

पहिला गुद्दा डोळ्यावर. मी केळीच्या पानांत. कॉलर धरून उठवलं, दुसरा बरगड्यांत, तिसरा तिथेच, चौथा तिथेच. मी चिखलात तोंडघशी. पाठीवर गुडघा. श्वास जाईना की येईना. मजूर उभे राहून बघत होते, एकही पुढे आला नाही. रितेश सर "बस करो भाई, बस करो" म्हणत होते, पण लांबून.

तेवढ्यात ज्योत्स्ना धावत आली. हात प्लास्टरात, गळ्यात झोळी. किंचाळली, "भूप्या, सोड त्याले! तू जेलात जाशील तर मी कोनाकडे पाहू?" भूपेंद्र उठला. दंडातून रक्त गळत होतं. तिने आपल्या पदराने बांधलं, एका हाताने आणि दातांनी.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाजली असणार, एवढे लोक होते.

महत्त्वाचं: तिने मला वाचवलं. प्रेम असल्याशिवाय कोणी एवढं धावत येत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उजवीकडच्या तीन बरगड्या नक्की मोडल्यात. खोकला आला की तारे दिसतात. शाळेत सुट्टीचा फोन केला.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नुसती सूज असेल तर साधी मारहाण. हाड मोडलं असेल तर कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. मोठं कलम. मी विचारलं, तीन हाडं असतील तर? ते म्हणाले, आधी एक तर दाखवा.

वा! भूपेंद्र आत, ज्योत्स्ना घरी. मी बरगड्यांवर हात ठेवून झोपणार आहे. जुळायला लागायच्या आत फोटो निघाला पाहिजे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो. एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टरीणबाई. फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या, "कुछ नहीं टूटा. मुका मार आहे, गोळ्या घ्या."

मी म्हटलं, नीट बघा, मी विज्ञानाचा शिक्षक आहे. त्यांनी नीट बघितलं. बाराच्या बारा जोड्या शाबूत. हात? मुरगळलाय. माकडहाड? उत्तम. मी तिरका फोटो काढायला लावला. तिरक्यातही शाबूत. त्या म्हणाल्या, "सर, लोक रडतात हाड मोडलं म्हणून. तुम्ही न मोडलं म्हणून रडताय."

एवढा मार खाल्ला आणि एक हाड नाही! लहानपणी आईने दूध फार पाजलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उपाय सापडला. फक्त एक बरगडी हवी आहे. पीटीच्या खोलीत हॉकी स्टिक आहेत. रितेश सरांना मित्रत्वाने सांगितलं, डोळे मिटून एक द्या, मी नाव भूपेंद्रचं सांगेन.

त्यांनी एक स्टिक हातात घेतली. मग मराठीत बोलले. एरवी रागावले की हिंदीत बोलतात.

"सर, मी त्या दिवशी वहिनींचा हात पाहिला. बोटं सुजून काळी पडलेली. अन् तुम्ही चिखलात पडले होते, तरी तुम्ही हात वर केला तशी ती बाई मागे सरकली. मला तेव्हाच समजलं. माझ्याशी आता बोलू नका."

आणि स्टिक जागेवर ठेवून गेले.

माणसं किती पटकन बदलतात. घरी येऊन स्वतःच खांबावर दोनदा आपटलो. काही नाही. खांबाचं प्लास्टर तेवढं पडलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

महिला पोलीस ठाण्यातून बोलावणं! वकिलांनी माझी तक्रार पुढे सरकवली म्हणायची. इस्त्रीचा शर्ट घातला. वकील म्हणाले मी येईपर्यंत तोंड उघडू नका. पण ते उशिरा आले आणि तोवर बोलण्यासारखं बरंच निघालं.

आत ज्योत्स्ना, गोदाबाई आणि दंडाला पट्टी बांधलेला भूपेंद्र. मनीषा नावाच्या मॅडम, इथल्या दरोगा म्हणजे फौजदार. टेबलावर दोन-तीन एक्स-रे. मॅडमना नीट धरतासुद्धा येत नव्हते, उलटे धरले होते. मी सुलटे करून दिले.

त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही हेच शिकवता ना? सांगा बरं, हे काय आहे?"

माझ्याने राहवलं नाही. इतक्या दिवसांनी कोणीतरी मानाने विचारत होतं. मी सांगितलं, हे मनगट, ही ताजी मोड, इथे अजून फट दिसते. मग ही बरगडी. इथे बघा गाठीसारखं. हाड मोडलं की शरीर तिथे नवं हाड भरतं, तो हा सांधा, म्हणजे मोड जुनी. साधारण दीड वर्ष. आणि हे बोट, त्याच्या आधीचं. वाकडं जुळलंय, कारण वेळेवर दवाखान्यात नेलं नाही.

"का नाही नेलं?" मॅडम.

"परीक्षा चालू होत्या," मी म्हटलं.

"आणि बरगडी कशी मोडली?"

"ओट्याची कड. जमिनीवर पडून अशी मोडत नाही. मागून जोराचा धक्का लागतो, तेव्हाच." हे मी खुर्चीवरून उठून, नीट करून दाखवलं.

खोलीत अगदी शांतता. माझ्या नववीत इतकी शांतता कधी नसते. गोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. भूपेंद्र उठला, पण ज्योत्स्नाने दुसऱ्या हाताने त्याला खाली बसवलं. शिपाई भराभर लिहीत होता. मॅडम म्हणाल्या, "थँक यू, सर. एवढं तर डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं."

बाहेर वकील भेटले. काय काय बोललात विचारलं. सांगितलं. ते कपाळाला हात लावून पायरीवर बसले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन रात्री आत काढल्या. जामीन झाला. शाळेतून निरोप, निकाल लागेपर्यंत येऊ नका. सांगाड्याचा धडा अर्धा राहिला. विळ्याचं प्रकरण वेगळं लागलं आहे. अट अशी की ज्योत्स्नाच्या जवळपास फिरकायचं नाही.

राग निवळला की ती स्वतःच येईल.

सोमवार, १५ डिसेंबर

आज तिचं प्लास्टर काढायचं होतं. दवाखान्यासमोर रस्त्याच्या या बाजूला थांबलो. रस्ता रुंद आहे, याला कोणी जवळपास म्हणणार नाही. नुसतं बघायचं होतं, हाड नीट जुळलं का.

अकराच्या सुमारास बाहेर आली, गोदाबाईंबरोबर. हात बारीक झालाय, कातडी पांढरी. पायरीवर उभी राहून मूठ उघडत होती, मिटत होती. गोदाबाई काहीतरी बोलल्या आणि ती हसली. तिला हसताना बघून किती दिवस झाले, आठवेना.

मग तिला मी दिसलो.

मी हात वर केला. बरी आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.

तिने तोच हात, आत्ता प्लास्टरातून निघालेला, डोक्यावर धरला आणि खाली वाकली. मध्ये अख्खा रस्ता होता. रिक्षा चालल्या होत्या, केळीचा ट्रक गेला. तरी ती वाकूनच होती.

मी हात खाली घेतला. तेव्हा ती उठली.