तिसऱ्या खांबाखालची वाळू

नागपूर,
१६ जानेवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,

सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. बाबांचा खोकला कमी झाला. मोठीमायसाठी सीताबर्डीवरून स्वेटर घेतलं आहे, रविवारी आणते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा आवाज चढला की माझं बरोबर असलेलंही मला चुकीचं वाटू लागतं. म्हणून लिहिते आहे.

आपल्या गावच्या पुलाची तपासणी आमच्या कंपनीकडे आली, हे तुम्हाला माहीत आहेच. जन्मभर त्यावरून गेले, पण खालून असा कधी पाहिला नव्हता. पाच कमानी, सगळा काळा दगड आणि चुना. लोखंडाचा तुकडा नाही. कापसाच्या गाड्या स्टेशनावर पोचाव्यात म्हणून इंग्रजांच्या काळात बांधलेला. जिकडून पाणी येतं तिकडे प्रत्येक खांबाला नावेसारखं टोक काढलंय, म्हणजे पूर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी बैलगाड्यांचा हिशेब केला होता. आज त्यावरून संत्र्याचे ट्रक जातात, तरी एकही कमान खाली बसलेली नाही.

दोष कमानीत नाही. तिसऱ्या खांबाखालची वाळू खचली आहे.

नाही, हे वाक्य खरं नाही. वाळू खचलेली नाही, उपसलेली आहे. पाण्यात उतरून मी खांबाच्या तळाशी हात घातला, तर तो खांद्यापर्यंत आत गेला. तेव्हा वरून शाळेची बस चालली होती. दगडातून तिचा थरथराट माझ्या हाताला लागला.

आणि ती वाळू आपल्या ट्रॅक्टरने नेली आहे. गेल्या उन्हाळ्यात तुमचा डबा घेऊन मीच नदीवर आले होते. ट्रॅक्टर त्याच खांबाला लागून उभा होता.

परवा फोनवर मी वाळूचा विषय काढला, तर तुम्ही हसलात. "काहून वं मेघा, खालची वाळू काढली तरी कमान पडत नाही, हे मीच तुले शिकवलं ना? आता तू मले शिकवून राहिली काय?"

शिकवलंत. शाळेत नाव घालायच्या आधीच. ओल्या वाळूचा ढीग केलात, त्यावर विटा रचल्यात आणि खालची वाळू मला काढायला लावलीत. विटा पडतील म्हणून मी रडत होते. "रडते काहून? काढ!" म्हणालात. विटा पडल्या नाहीत. पण मोठेबाबा, तेव्हा दोन्ही टोकांच्या विटा तुम्ही आपल्या पायांनी दाबून धरल्या होत्या. ते तुम्ही विसरलात. वाळू कमानीच्या पोटाखालची काढता येते, खांबाच्या पायाखालची नाही. फोनवर हे बोलायला मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, धीर झाला नाही.

पूल पाडायची गरज नाही. खांबाखालची पोकळी दगड-चुन्याने भरली तर तो वाचेल, मी तसंच सुचवलं आहे. भरून होईपर्यंत बस, ट्रक, ट्रॅक्टर सगळं बंद. लोक चिडतील. आपल्या घरात प्रशिकदादाला कामावर कळमेश्वरला लांबून वळसा घालून जावं लागेल, तोही चिडेल.

आमचे साहेब म्हणाले, "'स्थानिक लोकांनी वाळू उपसली' एवढंच लिहा. घरचं कशाला ओढता मॅडम?" मी दोन दिवस विचार केला. स्थानिक लोक लिहिलं की अख्खं गाव आलं, आणि गावाने ती नेलेली नाही. म्हणून तुमचं नाव लिहिलं आहे. खाली, हे माझे सख्खे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आहेत, असंही लिहिलं आहे. मागून कोणी म्हणायला नको की मी लपवलं, किंवा घरच्या भांडणातून लिहिलं.

अहवाल उद्या जाईल. तहसीलच्या माणसाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आज गावाकडे निघालेल्या अश्विनच्या हाती पाठवते आहे. त्याला आतलं काही सांगितलेलं नाही.

रविवारी मी येतेच आहे. जे बोलायचं ते मला समोर बसवून बोला. तोवर मोठीमायवर राग काढू नका. तिला यातलं काही माहीत नाही.

तुमची,
मेघा